मथळ्यावर चित्र काढू नकोस

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पाचही व्यंगचित्रं पाहिली. हात चांगला आहे, ते तुलाही ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. तुझी अडचण अशी की बातमी आल्यावर तासाभरात दहा जणांनी तेच चित्र काढून टाकलेलं असतं, मग तू काय काढायचं, आणि तुझी शैली कोणती? शैलीचं नंतर बघू. दहा जणांना एकच चित्र सुचतं, कारण दहाही जणांनी मथळ्यापलीकडे काही वाचलेलं नसतं. आता तर यंत्राला मथळा दिला तरी तेही चित्र काढून देतं. ते मथळ्याचंच असतं. तू बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाच. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

तुझं तिसरं चित्र घे. वाकलेलं पोर, पाठीवर दप्तर, दप्तरावर धोंडा आणि धोंड्यावर लिहिलंय 'हिंदी'. २०२५च्या उन्हाळ्यात हा धोंडा किती जणांनी काढला असेल! आता मूळ कागद बघ. १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. ओरड झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला: हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल, कुणाला दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवायला हवी, तेवढे नसतील तर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचं जाहीर झालं.

त्या विसाच्या आकड्यावर थांब. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत कधी कधी पहिली ते चौथी मिळूनही वीस पोरं भरत नाहीत. म्हणजे निवड कागदावर होती, वर्गात नव्हती. झालं, चित्र इथे आहे. बस्करांवर सात मुलं, त्यांच्या मागे तेरा शेळ्या, गुरुजींच्या हातात हजेरीपट. खाली एकच ओळ: "भरले वीस! सांगा, कुठली भाषा हवी?" ना धोंडा, ना मंत्र्याचं नाक, 'हिंदी' हा शब्दसुद्धा नाही. सक्तीच्या बाजूचा आणि विरोधातला, दोघेही या चित्रापाशी थबकतील, कारण वीसची अट दोघांनीही वाचलेली नसते.

तेरा शेळ्या पूर्ण काढत बसू नकोस, चित्र भरून जाईल. पुढच्या तीन-चार अख्ख्या काढ, बाकीच्यांची नुसती शिंगं आणि कान. पण शिंगांच्या जोड्या मोजून तेराच ठेव. मोजणारा वाचक असतोच.

कागद वाचायची माझी पद्धत सांगतो. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो, मराठीत असतो आणि बहुतेक वेळा चार-पाच पानांचा. प्रस्तावना सोड, अटींपासून सुरू कर. पेन्सिलीने तीन गोष्टींखाली रेघ मार. पहिली, आकडा. दुसरी, अपवाद, 'परंतु', 'अन्यथा', 'शक्यतो', 'सर्वसाधारणपणे' असले शब्द. तिसरी, ज्यात कर्ताच नाही असं वाक्य. "आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी." कोणी करावी? तिथे हमखास चित्र असतं. मग खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यात, टाकलाय ते बघ आणि आदेशाची तारीख निवडणुकीच्या तारखेशेजारी ठेवून बघ.

त्यानंतर चित्रातून काय म्हणायचंय ते एका वाक्यात लिही, कुणाचंही नाव न घेता. वाक्यात 'आणि' आला तर ती दोन चित्रं आहेत, एक निवड. तुझ्या पाचव्या चित्रात महागाई, पेपरफुटी आणि पाऊस एकाच छत्रीखाली उभे आहेत, वर अकरा नावपट्ट्या. नावपट्टी लावावी लागते तेव्हा चित्र अजून सापडलेलं नसतं. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' १९५१पासून पॉकेट कार्टूनमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या चौकटीतल्या चित्रात, नुसता उभा असायचा, तोंडातून शब्द नाही, अंगावर पट्टी नाही. आणि हो, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट मला ऐकवू नकोस. प्रवेश नाकारलेले पुष्कळ असतात. त्याने कुणी लक्ष्मण होत नाही.

व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५चं चित्र शोधून बघ. आणीबाणी म्हटल्यावर कुणालाही बेड्या सुचतात, बूट सुचतो, कुलूपबंद तोंड सुचतं. अबूंनी काढला बाथटब. राष्ट्रपती आंघोळ करताहेत, अर्धवट उघड्या दारातून सही केलेला कागद बाहेर देताहेत आणि म्हणताहेत, आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा. त्यांनी कारभाराची रीत पाहिली: अध्यादेश निघतो कसा, सही कोण करतं, किती घाईत करतं. मथळ्यात बाथटब नव्हता. ते चित्र सेन्सॉरमधून सुटलंही आणि पन्नास वर्षांनंतरही समजतं.

आता हत्यारं. ग्राफिक टॅबलेट एवढ्यात घेऊ नकोस. काढलेली रेघ मागे घ्यायची सोय हाताशी असली की पहिली रेघ विचार न करता पडते. जाड, गुळगुळीत कार्डशीट घे, २५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपास. छापील आकाराच्या दीडपट किंवा दुप्पट काढ, त्याहून मोठं नको, लहान करताना बारीक रेषा उडतात आणि दाट छायारेषा भरून काळा डाग होतो. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, तिथे हे जास्तच होतं. कच्चं काम एचबी पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. फाउंटन पेनची शाई रंग लावताना फुटते. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर लावायचा नाही. तुझ्या दुसऱ्या चित्रात गुरुजींच्या धोतराशी जो करडा फराटा आहे, तो याचाच.

अक्षरं आधी लिही, संवादाचा फुगा नंतर. तू फुगा आधी काढतेस, मग त्यात वाक्य कोंबतेस. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, दोन्हींना जागा लागते. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर चढतो. जो आधी बोलतो तो डावीकडे उभा कर. ओळ दहा शब्दांच्या वर गेली तर पुन्हा लिही. शेवटी मोबाइलवर चित्र काडेपेटीएवढं करून बघ. कोण कुणाशी बोलतंय ते कळलं नाही तर मांडणी चुकलीय.

चेहऱ्यासाठी फोटो नको, आवाज बंद करून भाषणाचा व्हिडिओ लाव. माणूस नाकापेक्षा खांद्यांवरून ओळखू येतो. आणि कुणाच्या व्यंगावर, जातीवर, काळ्या रंगावर हसू काढायचं नाही, यावर आपल्यात चर्चाच नको.

एवढं वाचत बसलं की उशीर होतो, म्हणशील. होतो. माझं चित्र दिवसभर मागे असतं, मलाही ऐकवतात की तोवर लोक पुढच्या बातमीवर गेले. जाऊ देत. तासाभरात आलेली चित्रं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतात ते मला दाखवावं. हळहळ एवढीच वाटते की थांबायला तयार असलेली पानं कमी होत चालली, तुला माझ्याएवढीही उसंत मिळणार नाही. म्हणून तर म्हणतो, वाचायचा वेग वाढव, काढायचा नको. वीस मिनिटांत शासन निर्णय वाचता आला पाहिजे. सवयीने येतो.

पहिल्या पानावर नावासकट छापून यायचं स्वप्न तू लिहिलंस, छान आहे. पण तुझ्या गावच्या नगरपालिकेच्या निविदा सूचनेवर अजून कुणीच चित्र काढलेलं नाही. तिथे स्पर्धा शून्य. नाल्याचं काम किती दिवसांत, कुठल्या महिन्यात संपवायचंय एवढं वाचलंस तरी पावसाळ्याआधी दोन चित्रं होतील.

पुढच्या खेपेला पाच नको, एकच पाठव. सोबत बातमीचं कात्रण किंवा मूळ कागद, आणि ज्या ओळीवरून चित्र सुचलं तिच्याखाली रेघ. रेघ मथळ्याखाली असेल तर चित्र न बघताच परत करीन. स्कॅन ६०० डीपीआयला कर. मोबाइलचा फोटो नको, त्यात कागद राखाडी येतो.