आलेल्या मेलच्या मजकुराला हात लावू नको

भाऊ, शेतकरी कंपनीच्या ऑफिसात नवीन बसला आहेस, म्हणून आधीच सांगून ठेवतो. जुन्या आउटलुकमध्ये आलेला मेल ‘एडिट’ करायची सोय आहे. ती सापडली की विषय सुधारावा, फोन नंबर त्यातच टाकावा, असा मोह होतो. करू नको.

समज, व्यापाऱ्याने सोयाबीनचा ओलावा १० टक्के लिहिला आणि मग फोनवर १२ कबूल केला. तू त्याच्याच मेलमध्ये १२ करून ठेवलंस. उद्या गाडी परत आली, की तुझी प्रत एक बोलेल, त्याच्या सेंटमधली दुसरी. खरं बोलूनही खोटे आपण ठरू, आणि भोगेल शेतकरी! त्यापेक्षा लगेच उत्तर पाठव: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे ओलावा १२ टक्के, कृपया होकार कळवा.’

बहुतेक मेलवर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची डीकेआयएम सही, म्हणजे मजकूर वाटेत बदलला नाही हे तपासायची डिजिटल खूण, असते. मजकुरातला एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही. म्हणून सौद्याचे मेल जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मधून उतरवून वेगळे ठेव. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) द्यावी लागते.

फॉरवर्ड करताना कुणाचा आधार नंबर, बँक खातं दिसलं तर बिनधास्त काढ. फक्त ‘एवढा भाग गाळला आहे’ असं वर लिही. आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या मजकुरावर लगेच विसंबू नको, तो मधल्या माणसाने बदललेला असू शकतो. खाते नंबर बदलल्याचा मेल आला, तर पैसे सोडण्याआधी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन लाव, मेलमधल्या नव्हे.