इंग्लिश लिंग्विस्टिक्सचा प्रोजेक्ट: विषय काय घेऊ आणि प्रेझेंट कसा करू?

अरे बाप्पा, "इंडियन इंग्लिश" असा अख्खा विषय घेऊ नको, बुडशील. एकच आवाज पकड. लाबोव नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या ३ दुकानांत जाऊन फक्त असा पत्ता विचारला की ज्याचं उत्तर "फोर्थ फ्लोर" येईल, आणि लोक त्यातला र उच्चारतात का ते ऐकलं, न समजल्यासारखं करून परत विचारलं की तेच उत्तर जरा नीट यायचं, बस, एवढ्यावर तो अभ्यास गाजला.

तू नागपुरात व्ही आणि डब्ल्यू घे, आपल्याकडं व्हेस्ट आणि वेस्ट बरेचदा सारखंच ऐकू येतं. ट्वेल्व्ह शब्दात तर दोन्ही आहेत, म्हणजे दुपारी १२ ला इंग्लिशमध्ये टाइम विचारत फिरलास तरी डेटा मिळतो (सीताबर्डीच्या बाजारात मे महिन्यात नको करू हे). आधी गप्पा, मग शब्दांची यादी वाचून घे, दोन्हीत फरक पडतो का तेच खरं बघायचंय. रेकॉर्डिंग परवानगीनं, नावं टाकू नको. आवाज तपासायला प्राट (Praat) सॉफ्टवेअर फुकट आहे.

प्रेझेंटेशनला स्लाइड वाचत बसू नको, आधी दोन क्लिप ऐकव आणि वर्गालाच विचार कोणता शब्द होता. आणि १५ लोकांवरून "नागपूरकर असे बोलतात" म्हणू नको, सर तिथंच पकडतात.