भांडण कोणाचं ते आधी बघ

तुझा मेसेज वाचला. अर्धा माल उशिरा आला, त्यात काही पीस खराब, आणि आता सप्लायर म्हणतो की मास्टर करारात, म्हणजे सगळ्या ऑफिसांसाठी मिळून केलेल्या मूळ करारात, असं काही लिहिलेलंच नाही. डोकं तापणारच, पण त्याच्या मेलला आज उत्तर देऊ नकोस.

आधी कागद काढ सगळे. अनेक ऑफिसं मिळून करतात त्या एकत्रित खरेदीत कागद एकच नसतो ना, लीड एजन्सीने (सगळ्यांच्या वतीने करार करणारं ऑफिस) केलेला मास्टर करार, त्यात सामील होताना तुमच्या ऑफिसने सही केलेली पुरवणी, मग तुमची पर्चेस ऑर्डर, शिवाय मूळ टेंडर आणि सप्लायरची बिड. यातले दोन कागद एकमेकांच्या उलट बोलले तर कोणाचं चालणार याचा क्रम बहुतेक करारातच दिलेला असतो आणि तो क्लॉज कोणी वाचत नाही. मीही नव्हता वाचला. ऑर्डरमध्ये डिलिव्हरीची कडक अट टाकून निर्धास्त बसलो होतो, नंतर कळलं की त्या क्रमात ऑर्डर मास्टरच्या खाली येते, म्हणजे माझी अट नुसती कागदावर.

मग भांडण नक्की कोणाचं ते ठरव. उशीर, खराब माल, बिल हे तुझ्या ऑर्डरचं, ते सहसा तुमच्याच ऑफिसला निस्तरावं लागतं. पण रेटच चुकीचा लावलाय, ठरलेला डिस्काउंट दिला नाही असं काही असेल तर तेच बाकीच्या ऑफिसांसोबतही होत असणार, ते लीड एजन्सीला लगेच कळव. खरं तर उशिराबद्दलही एक मेल टाकून ठेव, सगळे गप्प बसले की सप्लायरचा रेकॉर्ड स्वच्छ राहतो आणि करार आरामात रिन्यू होतो.

फोनवर जरूर बोल, बरंच काही तिथेच मिटतं, पण फोन म्हणजे नोटीस नव्हे. नोटिशीत कोणता क्लॉज, काय ठरलं होतं, काय मिळालं, कधी मिळालं आणि दुरुस्तीला करारात असतील तेवढे दिवस, बस. ‘फसवणूक’ वगैरे शब्द नकोत. आणि प्लीज, पूर्ण बिल अडवू नकोस, करारात मुभा असेल तर वादातली रक्कम तेवढी थांबव, बाकीची वेळेत सोड, नाहीतर करार मोडला तो तूच असं होऊन बसतं.

ड्राफ्ट झाला की लीगलला दाखव, मलाही पाठव. इन्स्पेक्शन रिपोर्ट जोड, आणि खोके उघडले त्या दिवशीचे फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये पडलेत का ते आजच विचार.