इंग्लंडमध्ये निवासी शाळा मिळते, पण...

ताई, तुम्ही मालवणहून इंग्लंडला नर्स म्हणून येताय, नऊ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे आणि इथलं सरकार निवासी शाळेचा खर्च उचलतं असं ऐकलंय. उचलतं, पण मागितली की मिळाली असं नाही. आधी दिवसाच्या स्पेशल शाळेचा विचार होतो.

इथे सगळं ईएचसीपी या कागदावर चालतं, म्हणजे एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन: मुलाच्या गरजा आणि त्याला मिळणारी मदत लिहिलेला कायदेशीर आराखडा. 2014 च्या कायद्याने तो आला आणि गरज असेल तर वयाच्या 25 वर्षांपर्यंत चालतो. अर्ज तुम्ही स्वतः स्थानिक कौन्सिलकडे करू शकता. नियमाप्रमाणे 20 आठवड्यांत प्लॅन हातात यायला हवा. बऱ्याच ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. त्यामुळे भाड्याचं घर मिळालं की लगेच अर्ज टाका. (स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पद्धत वेगळी आहे, नोकरीचं गाव बघून घ्या.)

मसुदा आला की सेक्शन एफ डोळ्यांत तेल घालून वाचा. मुलाला शाळेत नेमकं काय मिळणार ते त्यात असतं. आमच्या लेकीच्या मसुद्यात ‘स्पीच थेरपीची सोय उपलब्ध राहील’ एवढंच होतं. आम्ही हटून बसलो आणि ‘दर आठवड्याला 45 मिनिटं, थेरपिस्टकडून, एकास एक’ असं लिहून घेतलं. मोघम वाक्यावर कौन्सिलला कोणी धरू शकत नाही.

निवासी जागेचा खर्च वर्षाला लाख पौंडांच्या पुढे सहज जातो, म्हणून कौन्सिल हात आखडता घेते. रात्री झोपणं, पळून न जाणं, शी-शू, जेवण, हे शिकवणं शाळा सुटल्यावरही चालू राहायला हवं, असं तज्ज्ञांच्या अहवालांतून दिसावं लागतं. नकार आला तर ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणात, जा. तिथे फी नाही, आणि सुनावणीपर्यंत गेलेल्या बहुतेक पालकांच्या बाजूने निकाल लागतो.

व्हिसावर ‘पब्लिक फंड्स नाहीत’ (म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. सरकारी शाळा आणि ईएचसीपी त्यात येत नाहीत. अपंग मुलांसाठीचा डीएलए भत्ता मात्र येतो. कोणी ‘टाका अर्ज’ म्हणालं तरी टाकू नका. आणि एजंट नर्सऐवजी केअर वर्करचा व्हिसा गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. मार्च 2024 पासून त्यावर मुलांना आणता येत नाही, आणि जुलै 2025 पासून परदेशातून येणाऱ्यांना तो नव्याने मिळतच नाही.

निघण्याआधी निदानाचा अहवाल, थेरपीच्या नोंदी आणि शाळेचं पत्र इंग्रजीत करून घ्या. त्यासाठी मुंबईची फेरी पडली तरी चालेल. यूडीआयडी कार्डाला (भारत सरकारच्या अपंगत्वाच्या ओळखपत्राला) इथे किंमत नाही, पण सुट्टीत गावी याल तेव्हा लागेल, काढून ठेवा. घरचे व्हिडिओही घ्या: तो पेज कशी खातो, मिक्सर सुरू झाला की काय करतो. तपासणीच्या तासाभरात हे दिसत नाही.

आणि इंग्रजी यावं म्हणून त्याच्याशी मालवणी बोलणं बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडत नाही. तपासणीच्या वेळी दुभाषी मागा, आणि ते अर्जातच लिहा.