भोगीचं कूट सांडलं तेव्हा

"सण आला की मुलांच्या आधी मलाच रडू येतं," असं म्हणत एक आई नोव्हेंबरच्या अखेरीस समुपदेशनाला आली. वय चौतीस, नोकरी करणारी, राहणार जुळे सोलापुरात. घरात सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, नवरा आणि सासूबाई. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) तिचं माहेर सांगलीकडचं, संक्रांतीला गुळपोळी करणारं. सासर अक्कलकोट भागातलं, घरात कानडी बोलणारं. तिथे संक्रांत म्हणजे शेंगदाणे-गुळाची शेंगापोळी, त्यांच्या भाषेत शेंगा होळिगी. मुलं आजीला अज्जी म्हणतात. सोलापुरात अशी दोन-तीन भाषांची घरं गल्लीगणिक आहेत.

गेल्या वर्षी भोगीच्या दुपारी घडलेलं तिच्या मनातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांसाठी केलेलं अर्धा किलो शेंगदाण्याचं कूट ताटात ओट्याच्या कडेला होतं. तेव्हा दोन वर्षांचा असलेल्या मुलाने ताट ओढलं. कूट फरशीवर, फ्रिजखाली, त्याच्या केसांत. तिने फटका मारला. सासूबाईंनी नातवाला उचललं आणि कानडीत काहीतरी बोलल्या. ते तिला अर्धवट कळलं, आणि अर्धवट कळल्यामुळेच जास्त लागलं. "मुलांना आपले सण कळावेत म्हणून मी रजा टाकून सगळं घरी करते. आणि त्यांच्या लक्षात काय राहणार, तर आईचं ओरडणं," हा तिचा प्रश्न. दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंतच्या काळात याच धाटणीच्या तक्रारी घेऊन बऱ्याच आया येतात.

रोजचं वागणं, झोप, इतर दिवशी हात उगारला जातो का, हे आधी विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. राग सणापुरता होता. रोजच हात उगारला जात असेल, तर त्याचा उपाय पोळीच्या वेळापत्रकात नसतो, तिथे वेगळं काम करावं लागतं.

मग तिला घरी एक काम दिलं: गेल्या वर्षीची भोगी आठवून तासातासाने कागदावर लिहायची. पुढच्या भेटीत ती पानभर लिहून घेऊन आली. पहाटे पाचला उठणं, सगळ्यांची न्हाणी, भोगीच्या भाजीची चिराचिरी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, नैवेद्य, अकराला शेंगा भाजायला घेणं, साडेबाराला कूट, मध्येच गुळपोळीचा गूळ किसणं. घटना घडली पाऊण वाजता. मुलाच्या रकान्यात सकाळी सातच्या दुधानंतर काहीच नव्हतं. त्याची झोपेची वेळ साडेबाराची. म्हणजे भुकेलं, पेंगुळलेलं दोन वर्षांचं मूल, पेटलेली शेगडी आणि पहाटेपासून उभी असलेली आई, हे सगळं एकाच वेळी चार पावलांच्या जागेत आलं होतं. कागद तिच्याकडे फिरवून एवढंच विचारलं, "यात पोरानं नेमकं काय चुकवलं?" ती बराच वेळ त्या पाऊण वाजताच्या ओळीकडे बघत राहिली.

त्या फटक्याचं काय करायचं, हेही तिने विचारलं. वर्ष झालं तरी मुलीला तो आठवत होता. मुलांना दोन साधी वाक्यं पुरतात: "कूट सांडलं म्हणून मी तुला मारलं होतं. मारायला नको होतं, माझं चुकलं." पुढे 'पण तूही' जोडलं की माफी संपली. तिने ते दोघांसमोर म्हटलं.

त्यानंतरच्या भेटीला सासूबाई आल्या. अशा वेळी 'सुनेला मदत करा' असं सांगून फार काही होत नाही. सगळा जन्म ज्यांनी केलं त्यांना तो उपदेश वाटतो, आणि असतोही. त्याऐवजी त्यांना विचारलं, तुम्ही सात वर्षांच्या असताना होळिगीच्या दिवशी तुमच्याकडे कोणतं काम होतं? त्या हसल्या. गूळ किसायचं. फक्त गूळ. लाटणं हातात आलं ते बारा-तेराव्या वर्षी. मग स्वतःच म्हणाल्या, "आणि आम्ही चार बायका असायचो करायला." इथे गाठ जरा सैल झाली. चार बायकांचं काम आता दीड बाई करत होती, आणि तरी पोळ्या चाळीसच व्हायच्या, कारण भावकीत वाटायच्या असतात.

ठरलं ते असं. नैवेद्याच्या आणि घरात खायच्या पोळ्या घरी, साधारण सोळा. वाटायच्या विकत. सोलापुरात शेंगापोळी आणि कडक भाकरी करून देणाऱ्या बायका भरपूर आहेत. सासूबाईंना हे पटलं नाही, त्यांनी ते चालवून घेतलं. शेंगापोळी कोरडी, आठवडाभर सहज टिकणारी; त्यामुळे ती भोगीच्या धांदलीत न करता आधीच्या रविवारी करायची. गुळपोळी सोडायची नाही, पुढे ढकलायची. हळदीकुंकू आणि तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतंच, मग माहेरची पोळी रथसप्तमीला का नको? आणि गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, भोगीच्याच दिवशी जायचं नाही. त्या दिवशी संमती कट्ट्यावर होणाऱ्या अक्षता सोहळ्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाची, गर्दी तीन वर्षांच्या मुलाला झेपत नाही. गड्ड्यावरचे पाळणे आणि दुकानं संक्रांतीनंतरही बरेच दिवस असतात. नवऱ्याला शेंगा भाजायचं काम मिळालं, शनिवारी रात्री. त्याला कुणी आजवर विचारलंच नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

आता शेंगांविषयी थोडं सविस्तर, कारण बहुतेक सणांच्या भांडणांचं मूळ पोळी फाटण्यात असतं आणि पोळी फाटण्याचं मूळ कुटात. पाव किलो शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं हलवत भाजायचे. आच मोठी केली की साल काळी पडते आणि दाणा आत कच्चा राहतो. रात्रभर पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम दाणे मिक्सरला लावले किंवा मिक्सर सलग फिरवला की तेल सुटतं आणि कुटाचा चिकट गोळा होतो. थांबत थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके द्यायचे. मग रव्याच्या चाळणीने चाळायचं. वर राहिलेली भरड तशीच सारणात गेली, तर लाटताना तिचा कण कणकेला भोक पाडतो, तिथून गूळ तव्यावर येतो, करपतो, आणि पुढच्या प्रत्येक पोळीला काळे डाग पडतात. (असं झालं तर ओल्या फडक्याने तवा पुसूनच पुढची पोळी टाकायची.) पाव किलोला दोनशे ग्रॅम गूळ, बारीक किसलेला, एकही खडा नको, दोन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट, वेलची. मूठ दाबल्यावर सारण बसलं पाहिजे. नाही बसलं तर चमचाभर तूप. वरची कणीक तेलाचं मोहन आणि चिमूटभर मीठ घालून सारणाइतकीच मऊ, अर्धा तास झाकून ठेवलेली. सारण कडक आणि कणीक सैल असली की कडेला नुसतं पीठ उरतं. आच मध्यम. यात साधारण बारा पोळ्या होतात; सोळांसाठी सगळं तिसऱ्या हिश्शाने वाढवायचं.

याच दाण्यांची चटणी करताना नेमकं उलटं. तिथे तेल सुटायलाच हवं, म्हणून सोलापुरी चटणी उखळात किंवा खलबत्त्यात कुटतात. हा फरक सातव्या वर्षी छान कळतो. म्हणून मुलीला अज्जीच्या हाताखाली चटणीचं काम ठरवलं: वाटीभर दाणे, आठ लसणीच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ. तिखट अज्जीच घालणार, सगळ्यात शेवटी, कारण तिखटाची बोटं डोळ्यांना लागतात. कुटता कुटता चटणीला चकाकी आली की हाक मारायची, एवढी जबाबदारी मुलीची.

तीन वर्षांच्या मुलाला अख्खे शेंगदाणे हाताळायला द्यायचे नाहीत, सालं काढायलाही नाही. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत दाणा अडकू शकतो, आणि काम करता करता मूल तोंडात टाकतंच. त्याला चाळणी दिली. जमिनीवर जुनी साडी अंथरायची, मध्ये परात, त्याने चाळणी हलवायची. दहा-बारा मिनिटांत तो उठणार, उठू द्यायचं. भोगीच्या सकाळी त्याचं दुसरं काम: भाकरीवर तीळ लावणं. त्यासाठी भाकऱ्या ओट्यावर न थापता खाली बसून परातीत थापायच्या, शेगडीपासून दूर. आईने भाकरीवर पाण्याचा हात फिरवायचा, त्याने वाटीतले तीळ भुरभुरवून तळव्याने हलके दाबायचे. भाकरी उचलून तव्यावर नेणं मोठ्यांचं. भाकऱ्या साडेनऊपर्यंत संपवायच्या. आधी पोटात काहीतरी गेलेलं असलं पाहिजे, मग ते नैवेद्याआधी असलं तरी. या मुद्द्यावर सासूबाई काही बोलतील असं सुनेला वाटत होतं. त्या म्हणाल्या, लेकराला कसलं आलंय सोवळं.

एक गोष्ट आयांना आधीच सांगून ठेवलेली बरी: एवढ्या लहान मुलाने मदत केली की काम कमी होत नाही, दीडपट होतं. हे गृहीत धरून वेळ काढायचा. आणि कामं दरवर्षी बदलायची नाहीत. 'तिळाची भाकरी माझी' हे मुलाच्या डोक्यात बसतं ते तेच काम पुन्हा पुन्हा वाट्याला आल्यामुळे.

पाकातले तिळाचे लाडू मुलांसोबत करू नयेत, यात तडजोड नाही. उकळतं पाणी अंगावरून निदान ओघळतं. गुळाचा पाक पाण्यापेक्षा गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. चटका बसलाच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल नाही. फोड मोठा असेल किंवा भाजलेली जागा चेहऱ्यावर अथवा तळहातावर असेल तर लगेच डॉक्टर. मुलांना वळायला हवेच असतील तर बिनपाकाचे लाडू करा: एक वाटी भाजलेले तीळ आणि अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट जाडसर फिरवून, त्यात पाऊण वाटी मऊ गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायचं. शेगडी बंद, पातेलं गार, लाडू वेडेवाकडे.

मुलाचं बोरन्हाणही व्हायचं होतं. तिथे चुरमुरे जास्त, बोरं मोठी आणि मोजकी, उसाचे करवे लांब. चॉकलेट-गोळ्या आणि हलव्याचे कडक दाणे तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून ओतू नयेत, कारण ते थेट तोंडात जातात. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून काढून ठेवावेत.

राहिली भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणून मुलांच्या तोंडात वांगं, पावटा, हरभरा कोंबला जातो. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी चवीला नकार देणं अगदी नेहमीचं आहे. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पानात आल्यावर मूल ती चाखतं. वर्षातून एकदा होणारी भाजी मग कशी आवडणार? त्यामुळे तिळकूट घातलेली मिसळभाजी डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा करायची, पानात चमचाभर वाढायची आणि विषय सोडून द्यायचा. पावटे-हरभरे लहान मुलासाठी चेचून. 'भाजी खा, मग पोळी' हा सौदा करायचा नाही. त्यात भाजी शिक्षा ठरते आणि पोळी बक्षीस.

संक्रांतीनंतर ती पुन्हा आली, दोन दिवसांचा हिशेब घेऊन. रविवारी कूट सांडलंच. चाळणी उपडी झाली. पण खाली साडी होती, चार कोपरे उचलून सगळं पुन्हा परातीत आलं. मुलीने चटणी कुटताना तीनदा हाक मारली, दोनदा उगाच. मुलाने पहिल्या दोन भाकऱ्यांवर तीळ लावले, तिसऱ्यावर मूठभर ओतले आणि मांजरामागे पळाला. भाजी त्याने खाल्ली नाही. मुलीने वांगं बाजूला काढून उरलेली खाल्ली. आईचा आवाज एकदा चढला, नवऱ्यावर, कारण त्याने भाजलेले दाणे रात्री उघडे ठेवले आणि ते सादळले. विकतच्या पोळ्या भावकीत वाटल्या गेल्या. त्यात वेलची कमी होती हे सासूबाईंनी प्रत्येक घरी न चुकता सांगितलं.

गुळपोळ्या रथसप्तमीला झाल्या, सांगलीच्या पद्धतीने, भाजलेलं बेसन आणि खसखस घालून. गूळ या वेळी अज्जीने किसला. दोन पोळ्या तव्यावर फुटल्या. गूळ जरा कडक राहिला होता, असं सासूबाईंचं निदान आहे. सून म्हणते, किसणाऱ्यालाच ठाऊक.