रिबेरा देल दुएरोची लाल वाइन : चव आणि सोबतचे जेवण

प्रश्न : रिबेरा देल दुएरोची ‘क्रियांझा’ वाइन भेट मिळाली, परंतु पहिलाच घोट फार तुरट लागला. ती कशी प्यावी आणि सोबत काय खावे?

उत्तर : हा तुरटपणा दोष नव्हे. स्पेनमधील दुएरो नदीच्या खोऱ्यात, बहुतांशी ७०० मीटरहून अधिक उंचीवर, दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारठा सोसून पिकणाऱ्या तेंप्रानियो द्राक्षाच्या जाड सालीतूनच या वाइनचा गडद रंग आणि टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारी द्रव्ये, उतरतात. क्रियांझा किमान २ वर्षे मुरवतात, त्यांपैकी किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. व्हॅनिलासारखा गंध तिथलाच. बाटली तासभर आधी उघडून वाइन रुंद भांड्यात ओतावी आणि १६ ते १८ अंशांवर द्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. घोट घाईने गिळू नये, जिभेवर घोळवावा.

तिचा खरा जोडीदार त्याच प्रदेशातला ‘लेचासो’, म्हणजे दूधपित्या कोकराचे मांस, जे मातीच्या भांड्यात केवळ मीठ-पाणी घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. मांसातील प्रथिने आणि चरबी टॅनिनची धार बोथट करतात, त्यामुळे दुसरा घोट मऊ लागतो. मुरलेले मांचेगो, म्हणजे मेंढीच्या दुधाचे स्पॅनिश चीजही उत्तम. झणझणीत रस्सा मात्र टाळावा, कारण तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते.