वडील कायम लांब असतील तर मुलीच्या पुढच्या नात्यांवर परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील बोटीवर नोकरीला होते, लहानपणी घरी फार कमी असायचे, आणि आता नवरा जरा चिडला की तुम्ही दिवसभर गप्प होता. याचं मूळ वडिलांत आहे का आणि हे बदलतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

परिणाम होतो, पण तो अंतराचा नसतो. तसं असतं तर आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही घर सुटलं नसतं. इथले बाप पिढ्यान् पिढ्या मुंबईला गोदीत, गिरणीत, नाहीतर बोटीवर आणि नंतर आखातात. गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे तेवढेच. तरी एकाच वाडीतल्या दोन मुली मोठेपणी अगदी वेगळ्या निघतात. मला त्यात एक फरक दिसत आलाय : "मला भीती वाटते", "तुम्ही ओरडलात ते मला लागलं", "मला हे नको" असं बापाला सांगता येत होतं का, आणि सांगितल्यावर तो ऐकून घेत होता का.

माझे वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि आमच्या संगमेश्वर तालुक्यात घरोघरी बाप ट्रंका घेऊन परत आले. तोवर वडील आले की घरात सण असायचा. आता ते रोज ओटीवर बसलेले, विडी ओढत, कुणाशी न बोलता. आई खुणेनेच सांगायची, मागच्या दाराने जा. चपलांच्या आवाजावरून माणसाचा राग ओळखायला मी तेव्हा शिकले आणि ते शिकणं घेऊनच सासरी गेले. नवऱ्याने ताट जरा जोरात ठेवलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा. पुष्कळ वर्षांनी, आंब्याच्या पेट्या भरताना, वडील आपणहून म्हणाले की तेव्हा आईकडे विडीला पैसे मागायची त्यांना लाज वाटायची, म्हणून ते आमच्याकडे बघत नसत. मी समजत होते, ते माझ्यावर रागावलेत.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परत आली की बाळ काय करतं, हे त्यात पाहिलं. काही बाळं तिच्याकडे वळूनही बघत नसत, अगदी शांत. पुढे संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले. तुमच्या गप्प होण्याबद्दल वाचताना मला हेच आठवलं. प्रयोग आयांबरोबरचा होता खरा, पण बाळ बापालाही तसाच जीव लावतं हे मायकेल लॅम्ब यांनी १९७०च्या दशकात दाखवलं.

आणि हो, हे बदलतं. लहानपणी न मिळालेला भरवसा पुढे नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ, समुपदेशकाजवळ मिळू शकतो. मी नवऱ्याला एकदा सगळं सांगितलं. तेव्हापासून तो चिडलेला असला की "तुझ्यावर नाही गं" एवढं आधी म्हणतो, आणि त्याने फार फरक पडला. तुम्ही गप्प होण्याआधी एक वाक्य बोलून बघा : "आत्ता मला बोलता येत नाहीये, रात्री बोलते." आणि रात्री खरंच बोला. सुरुवातीला जीभ उचलत नाही. मात्र तो हात उगारत असेल, धमकावत असेल, तर तुमच्या गप्प बसण्याचा दोष लहानपणाला देऊ नका. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते, कारण इथे हे गप्प बसणं बायकांना फार महाग पडतं. भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिलाय. वडील तेव्हा हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण बापापुढे जिने कधी तोंड उघडलं नाही, ती भावापुढे कसं उघडणार? हक्क घ्यायचा की सोडायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त तो कागद समोर आला तर त्याच दिवशी सही करू नका. सातबारा काढून बघा, आणि तुमचे वडील आता घरीच असतात म्हणताय, तर त्यांच्याशी समोर बसून बोला.